बाई, तो काहलेस खरा होता का?

गेल्या महिन्यात एका मुलीच्या प्रश्नाला उत्तर देताना मी काहलेसचं नाव ओझरतं घेतलं. परग्रहावरचा एक वीर, एवढंच सांगून पुढे गेले. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा आत्ता माझ्यासमोर आहे. पंचवटीतून आहेत, सिडकोतून आहेत, देवळाली कॅम्पातून आहेत. मी एकतीस वर्षं जुन्या नाशकातल्या शाळेत इतिहास शिकवला. एखादी गोष्ट मनाला लागली की मुलं तास संपल्यावरही दाराशी थांबून विचारत राहायची. ही पत्रं वाचताना तीच मुलं आठवली. म्हणून या वेळचं सदर सगळं काहलेसला दिलं आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांना आधी थोडं सांगते. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन विज्ञानकथा मालिका १९६६ साली सुरू झाली आणि तिच्यातून पुढे अनेक मालिका निघाल्या. त्या विश्वात क्लिंगॉन नावाची लढवय्यी जमात आहे. काहलेस हा त्यांचा आद्य वीर. मालिकेच्या काळापासून दीड हजार वर्षांपूर्वीचा. मोलोर नावाच्या जुलमी राजाला त्याने मारलं, आपसांत झुंजणाऱ्या लोकांना एकत्र आणलं आणि इभ्रतीने कसं जगायचं ते त्यांना शिकवलं. जाताना त्याने आभाळातल्या एका ताऱ्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, मी परत येईन, मला तिथे शोधा. पुढे क्लिंगॉन त्या ठिकाणी पोचले, त्या जगाचं नाव बोरेथ, तिथे त्यांनी मठ बांधला आणि ते वाट पाहत बसले. ‘अविस्मरणीय काहलेस’ असं त्याचं बिरुद आहे. आपण विठ्ठलाला ‘तो’ म्हणतो, मीही काहलेसला ‘तो’च म्हणते.

१९६९च्या भागात काहलेस चक्क खलनायक आहे, चंगीझखानाच्या शेजारी उभा. कपाळही आपल्यासारखं सपाट. १९९३मध्ये तोच एकदम संत, आणि कपाळावर हाडांचे उंचवटे. लेखक विसरले, दुसरं काय? (कॉलेज रोडवरचा एक विद्यार्थी)

विसरले नाहीत रे. १९६९मध्ये क्लिंगॉनांना धर्म आहे, पुराण आहे, हे अजून कुणी रचलेलंच नव्हतं. तेव्हा ते नुसते शत्रू होते, आणि शत्रूच्या बाजूला उभं करायला एक नाव हवं होतं. बाहेरून पाहिलं तर कारण एवढंच.

पण गोष्टीच्या आत शिरून बघ. त्या भागात दगडासारखे दिसणारे जीव आहेत. चांगलं म्हणजे काय आणि वाईट म्हणजे काय, हे त्यांना पारखायचं असतं. त्यासाठी ते मालिकेचे नायक कॅप्टन कर्क आणि स्पॉक यांच्या बाजूने लिंकन आणि स्पॉकच्या जमातीतला तत्त्वज्ञ सुराक उभे करतात. समोर चंगीझखान, कर्नल ग्रीन, झोरा नावाची एक बाई आणि काहलेस. हा काहलेस दुसऱ्याचा आवाज हुबेहूब काढून माणसांना सापळ्यात ओढतो. पण ही माणसं त्या जिवांनी आणली कुठून? कर्क आणि स्पॉकच्या मनातून. म्हणजे तू जो पाहिलास तो कर्कच्या डोक्यातला काहलेस होता. कर्कचं आयुष्य क्लिंगॉनांशी लढण्यात चाललेलं, त्याच्या डोक्यात याहून वेगळा काहलेस असणार तरी कसा? कपाळाचंही तेच. कर्कने जे क्लिंगॉन पाहिले ते सपाट कपाळाचे होते, म्हणून त्याचा काहलेसही तसाच. ते तसे का झाले याचं कारण, एका रोगाची साथ, २००५मध्ये दाखवलं. त्यात मला फार रस नाही.

नववीच्या वर्गात मी दोन उतारे फळ्यावर लिहायचे. एक बखरीतला, एक खाफीखानाचा. खाफीखान मोगलांकडचा इतिहासकार, शिवाजी महाराजांना शिव्या घातल्याशिवाय त्याची लेखणी पुढे सरकत नाही. मुलं चिडायची. मग मी त्यांना त्याच खाफीखानाचा पुढचा मजकूर वाचून दाखवायची. महाराजांनी मशिदीला, कुराणाला आणि बायकांना हात लावू दिला नाही, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. वर्ग गप्प व्हायचा. शत्रूने काढलेलं चित्र फेकून द्यायचं नसतं, ते कुणी काढलं ते खाली लिहून जपून ठेवायचं असतं. १९६९चा भाग मी तसाच ठेवला आहे.

ओझरच्या विमान कारखान्यात अख्खी नोकरी धातूत घालवली. केसांची बट लाव्हात बुडवली, तळ्यात थंड केली, पीळ दिला आणि तलवार झाली, हे विज्ञानकथेत कसं चालतं? (ओझर मिग, एक निवृत्त तंत्रज्ञ)

काका, तुमचं धातुशास्त्र बरोबर आहे. केसाला लाव्हाची धग लागली तर राखही उरणार नाही.

त्या कथेनुसार काहलेसने आपल्या डोक्याची बट क्रिस्टाक ज्वालामुखीच्या लाव्हात बुडवली, लुर्सोरच्या तळ्यात विझवली आणि वळवून तिचं पातं केलं. मोलोरला मारल्यावर त्या शस्त्राला नाव दिलं, बॅटलेथ, म्हणजे इभ्रतीची तलवार. चंद्रकोरीसारखी वाकलेली, दोन्ही हातांनी धरायची. (पडद्यावरचं हे शस्त्र डॅन करी यांनी घडवलं आणि ते पहिल्यांदा १९९०मध्ये दिसलं. स्वतः युद्धकला शिकलेला माणूस, म्हणून ते हातात धरल्यावर खरंच फिरतं.)

पण ती कथा सांगितली जाते केव्हा, ते पाहा. तलवार कशी घडली हे क्लिंगॉनांच्या कुठल्याही ग्रंथात लिहिलेलं नाही. मुख्य पुजारी ते पुढच्या मुख्य पुजाऱ्याला तोंडी सांगतो, बस. कारण असं की उद्या कुणी येऊन म्हणाला, मी काहलेस आहे, तर त्याला हेच विचारायचं. ती खूण आहे.

पंचवटीतल्या माणसांना हे मी काय समजावू? सुंदरकांडात मारुती अंगठी दाखवतो तेव्हा सीतेला खात्री पटते, हे सगळ्यांना पाठ आहे. परत जाताना सीता त्याला चूडामणी देते, पण त्याच्याबरोबर एक गोष्टही देते. कावळ्याची. चित्रकूटावर एका कावळ्याने तिला चोच मारली होती आणि रामाने त्याच्यावर दर्भाची काडी सोडली होती. ती वेळ दोघांनाच ठाऊक. दागिना चोरीला जाऊ शकतो, दोघांतली आठवण जात नाही. म्हणून ती खूण पक्की.

बोरेथच्या खुणेत मात्र एक भोक आहे, आणि मालिका लिहिणाऱ्यांनी ते जाणून ठेवलं आहे असं मला वाटतं. सीतेची गोष्ट ओळखणाऱ्याला आणि ओळखून घेणाऱ्याला, दोघांनाच माहीत होती. तलवारीची गोष्ट माहीत होती पुजाऱ्यांना. १९९३च्या भागात परत आलेला काहलेस ती गोष्ट बिनचूक सांगतो, मठातले सगळे गुडघे टेकतात, आणि शेवटी कळतं की त्याच्या डोक्यात ती त्या पुजाऱ्यांनीच भरली होती. ज्यांच्याकडे कुलपाची किल्ली, तेच दार उघडून दाखवणारे. तो भाग मी चार वेळा पाहिला, चारही वेळा इथे छातीत धस्स झालं.

परत आलेला काहलेस हा जुन्या रक्तापासून बनवलेला निघाला. एवढी फसवणूक उघडी पडल्यावर त्यालाच सम्राट करायचं, म्हणजे फसवणुकीला गादीवर बसवणंच नाही का? वॉर्फचं हे वागणं मला सहन झालं नाही. बाई, तो काहलेस खरा होता का? (पंचवटी, एक ग्रंथपाल)

तुमचं पत्र मी जपून ठेवलं आहे. उत्तर जरा लांबेल.

ज्यांना प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी. वॉर्फ हा क्लिंगॉन, पण आईवडील खिटोमर नावाच्या वसाहतीवरच्या हल्ल्यात गेले आणि त्याला माणसांनी वाढवलं. त्याची श्रद्धा घरात झिरपलेली नाही, त्याने ती वाचून, धडपडून मिळवलेली. ती डळमळते तेव्हा तो बोरेथच्या मठात जाऊन बसतो. दहा दिवस ध्यान करतो. काही दिसत नाही. निघायच्या बेतात असतो आणि समोर काहलेस येतो, हाडामांसाचा. क्लिंगॉन राज्याचा प्रमुख गाउरॉन याला हे मान्य नाही, कारण त्याची खुर्ची जाणार. तो मठात जपलेली किरोमची सुरी मागवतो. तिच्यावर खऱ्या काहलेसचं रक्त आहे. रक्त जुळतं! तरी गाउरॉन मागे हटत नाही, तो काहलेसला लढायला लावतो आणि पाडतो. अजिंक्य वीर जमिनीवर. वॉर्फ मुख्य पुजारी कोरोथला एकटं गाठतो तेव्हा तो कबूल करतो, की त्याच सुरीवरच्या रक्तापासून आम्ही याला तयार केलं.

आता तुम्ही ज्याला फसवणूक म्हणता तिच्यात फसवलं कुणाला गेलं? सगळ्यात आधी त्या बिचाऱ्यालाच. त्याला ठाऊक नव्हतं. तो मनापासून समजत होता की मी काहलेस आहे. खोटं त्याने सांगितलंच नाही, ते त्याच्यावर लादलं गेलं.

आपल्याकडे हे घडलेलं आहे. १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि लोकांना ते मानवेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही असं सांगतात. ज्यांचा विश्वासराव त्याच रणात गेला त्या गोपिकाबाई अखेरच्या काळात आपल्या नाशकात येऊन राहिल्या होत्या. अशा दुःखाने पोळलेल्या मुलखात एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मीच भाऊ. तोतया. त्याला पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवलं. १७७६मध्ये तो सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले आणि माणसं हजारोंनी त्याच्यामागे धावली. त्याच वर्षाच्या शेवटी पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. वर्गात हे शिकवताना मुलं विचारायची, बाई, लोक एवढे वेडे होते का? मी सांगायची, वेडे नव्हते, त्यांना भाऊ हवे होते. त्यांची भूक खरी होती, त्या माणसाने त्यांच्या पानात वाढलेलं खोटं होतं.

बोरेथचे पुजारी तोतया उभा करायला निघाले होते. वॉर्फने तो होऊ दिला नाही. त्याने गाउरॉनला जे सांगितलं त्यातली अट तुमच्या नजरेतून निसटली असावी. लोकांना सगळं खरं सांगायचं. हा परत आलेला काहलेस नाही, हा त्याच्या रक्ताचा आहे, त्याची शिकवण जाणतो, म्हणून वारस. सत्ता गाउरॉनकडेच राहील, सम्राटाकडे फक्त मान. त्या भागाचं मूळ नावही ‘हक्काचा वारस’ अशाच अर्थाचं आहे.

वारस म्हटल्यावर मला दत्तकविधान दिसतं. दत्तक घेताना कुणी चोरून मूल आणून पोटचं म्हणून दाखवत नाही. भाऊबंद बोलावतात, होम करतात, मुलाला मांडीवर बसवतात आणि सगळ्यांदेखत सांगतात, हा बाहेरचा आणि आजपासून आमचा. त्यानंतर त्याने घातलेलं पाणी पितरांना पोचतं. कुणी विचारत नाही की रक्त कुठलं.

आणि नाशिककरांनो, आपला दाजीबा? धुळवडीला जुन्या नाशकातून दाजीबा वीर निघतो. अंगाला हळद लागलेली, लग्नाच्या उंबरठ्यावर असताना मारला गेला असं सांगतात, म्हणून डोक्याला बाशिंग. ज्याला मान असतो तो माणूस ते बाशिंग बांधतो आणि हलगीच्या तालावर गल्लीगल्लीतून नाचत गोदावरीकडे येतो. त्याला वर्षभर आपण भाजी घेताना पाहिलेलं असतं. तरी माझ्या सासूबाई उंबऱ्यात ताट घेऊन उभ्या राहायच्या, ओवाळायच्या, पाया पडायच्या, नि दारातून हलायच्या त्या डोळे पुसत. त्यांना काय ठाऊक नव्हतं हा कोण ते? शेजारी नावानिशी ठाऊक होतं. लपवलेलं काही नव्हतंच, म्हणून पाया पडताना मन कचरत नसे.

शेवटी तो बनवलेला काहलेस निघताना वॉर्फशी बोलतो. मूळ काहलेसने दिलेले शब्द शहाणपणाचे असतील तर तो स्वतः परत आला काय नि न आला काय, कदाचित शब्दच माणसाहून मोठे असतील, अशा अर्थाचं. आपण कोण आहोत हे कळल्यावर त्याने हे म्हटलं. मला विचाराल तर त्या क्षणी तो गादीला लायक झाला, रक्त जुळलं तेव्हा नव्हे.

कोरोथला मात्र सोडून दिलेलं दिसतं, ते मला खटकतं. ज्याने एका जिवाला खोट्या आठवणी देऊन जन्माला घातलं त्याला त्या जिवासमोर उभं करून जाब विचारायला हवा होता. इथे तुमचा राग मला मान्य आहे.

काहलेसची मूळ तलवार सापडते आणि वॉर्फच ती अंतराळात सोडून देतो. एवढी पवित्र वस्तू! मी असतो तर घरी आणली असती. (सातपूर, कारखान्यात कामाला)

दादा, १९९५च्या त्या भागात ती आणायला तिघं जातात. म्हातारा क्लिंगॉन योद्धा कोर, वॉर्फ आणि त्याची सहकारी जॅडझिया डॅक्स. परक्या लुटारूंनी शतकांपूर्वी नेलेली तलवार हाती लागते, आणि बघता बघता कोर आणि वॉर्फ एकमेकांच्या जिवावर उठतात. ही माझ्या हातात शोभेल, मी सगळ्यांना एक करीन, असं दोघांनाही वाटायला लागतं. अखेर भानावर येऊन ती ते अवकाशात सोडतात.

आमच्या घरात वीराचा टाक आहे. चांदीचा, बोटाच्या दोन पेरांएवढा. घोड्यावर बसलेला स्वार, हातात काहीतरी आहे, भाला असावा, पण दरवर्षी चिंचेने घासून घासून तो हात आता नुसता फुगीर राहिला आहे. चेहरा तर कधीच गेला. कुठल्या लढाईत पडला, नाव काय, कुणाला माहीत नाही. धुळवडीला त्याला खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचं, लाल कापडात घ्यायचं आणि वाजतगाजत रामकुंडावर नेऊन अंघोळ घालायची.

वाडा विकला त्या वर्षी हा टाक कुणाकडे राहायचा यावरून घरातल्या दोन भावांत बिनसलं. भांड्यांची वाटणी झाली, पितळी घंगाळासुद्धा वाटून झालं, टाकावर गाडं अडलं. एक म्हणे, मी थोरला. दुसरा म्हणे, वीर आजवर मीच नेला. शेवटी कुणाच्याच देव्हाऱ्यात नको म्हणून तो बँकेच्या लॉकरमध्ये गेला. दोन धुळवडी त्याला पाणी मिळालं नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही दोघी जावा जाऊन तो घेऊन आलो आणि दोन्ही घरची मुलं पुढे घालून रामकुंडावर गेलो. त्यानंतर तो एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे असतो.

तलवार सोडून दिली त्या प्रसंगी मला तो लॉकर आठवला. ती दोघं जाऊन ती परत आणतील, असं मला वाटत राहिलं. ती आणत नाहीत.

तोफखान्यात बावीस वर्षं काढली. या लोकांत कुणी मेलं की ते रडत नाहीत, आभाळाकडे पाहून आरोळी ठोकतात आणि मरण साजरं करतात. मी माझ्या साथीदारांना खांदा दिलेला आहे. मरणाचा असा उत्सव मला पटत नाही. (देवळाली कॅम्प, एक माजी सैनिक)

आधी तुम्हाला नमस्कार.

ती आरोळी १९८८च्या एका भागात पहिल्यांदा दिसली. मरणाऱ्याचे डोळे उघडून त्यात पाहायचं आणि मग वर तोंड करून गर्जायचं. वीरांचा जो परलोक आहे, स्टो-व्हो-कोर, तिथल्यांना इशारा द्यायचा की सावध राहा, एक योद्धा येतो आहे. त्यानंतर तो देह त्यांच्या लेखी रिकामा. मलाही ते रिकामं म्हणणं जड जातं. आपण अस्थी उचलून गोदावरीपर्यंत आणणारी माणसं, त्यासाठी कुठून कुठून लोक आपल्या रामकुंडावर येतात.

पण काहलेसने मरायला शिकवलं असं म्हणाल तर मी नाही म्हणेन. परत आलेला काहलेसच एक गोष्ट सांगतो. क्विनलाट नावाच्या शहरावर वादळ चालून येत होतं. सगळे तटाच्या आत गेले, एक माणूस बाहेर उभा राहिला. काहलेसने त्याला विचारलं, हे काय करतो आहेस? तो म्हणाला, मी दगडाविटांमागे तोंड लपवणार नाही, मी वाऱ्यासमोर उभा राहीन आणि त्याला मला मान द्यायला लावीन. काहलेसने त्याच्या निवडीचा मान राखला आणि स्वतः आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी वादळ आलं, तो माणूस मेला. वारा मूर्खाला मान देत नाही, असं काहलेस म्हणतो.

लक्षात घ्या, काहलेस आत गेला. क्लिंगॉनांचा सर्वांत मोठा वीर वादळात तटाच्या आत होता. आपला सगा भाऊ मोराथ याच्याशी तो बारा दिवस बारा रात्री लढला, ते कशासाठी? मोराथने दिलेला शब्द मोडून घराण्याला काळिमा लावला म्हणून. पुढच्या क्लिंगॉनांनी त्यातली तलवार उचलली आणि शब्द खाली ठेवला, असं मला त्यांच्या बऱ्याच भागांत दिसतं. तुम्ही ज्यांना खांदा दिलात त्यांच्यासाठी रडलात तर काहलेसने तुम्हाला कमी लेखलं नसतं, याची मला खात्री आहे.

माझा नऊ वर्षांचा मुलगा हट्ट धरून बसलाय, धुळवडीच्या वीर मिरवणुकीत मी काहलेस होणार. इतर मुलं खंडोबा होतात, कृष्ण होतात, मावळे होतात. सासरे फार दुखावलेत. म्हणतात, हा कुठला परका वीर आपल्या वीरांत? काय करू? (सिडको, एक आई)

ताई, सासऱ्यांचं दुखणं खरं आहे. तो दिवस घरच्या वीरांचा. ज्यांची नावंही उरली नाहीत त्यांना वर्षातून एकदा उन्हात आणायचा. तिथे दुसऱ्या कुणाला आणू नका.

पण मुलाचा हट्टही मोडू नका. त्या मालिकेत कोटबावल नावाचा सण आहे, १९९४च्या भागात दाखवलेला. रस्त्यावर लोक मोलोर होतात, काहलेस होतात, गातात, लुटुपुटूचं लढतात, आणि बघायला आलेली पोरं त्यात ओढली जातात. वॉर्फचा मुलगा अलेक्झांडर, ज्याला योद्धा व्हायचंच नसतं, तोही हातात शस्त्र घेऊन मोलोरपुढे उभा राहतो. तुमच्या मुलाने बहुतेक तेच पाहिलं असणार, आणि ते त्याला का भावलं हे नाशकात वाढलेल्या कुणालाही कळेल.

माझं म्हणणं असं. धुळवडीला घरचा वीर त्याच्या हातात द्या. सासऱ्यांना सांगा, खोबऱ्याची वाटी कशी धरायची ते तुम्ही त्याला शिकवा आणि तुमच्या आजोबांकडून या वीराबद्दल जे ऐकलंत तेवढं रामकुंडापर्यंत चालता चालता सांगा. काहलेस होऊ दे रंगपंचमीनंतरच्या सोसायटीच्या कार्यक्रमात, आणि मोलोर व्हायला सासऱ्यांनाच विचारा. नातू हातात तलवार घेऊन समोर आला की आजोबा नाही म्हणणार नाहीत.

बॅटलेथसाठी फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, दोन थर उलटसुलट चिकटवा म्हणजे वाकणार नाही. चंद्रकोर आखून कापा, दोन्ही टोकांना आतल्या अंगाने एक-एक छोटा काटा ठेवा, पण टोकं गोल करा, पोरं डोळ्यात घालतात. बाहेरच्या गोलाईला हात शिरेल अशा तीन खाचा पाडा आणि तिथे सुतळी ओली करून घट्ट गुंडाळा. वाळली की आवळते, मग सुटत नाही. वरून चंदेरी रंग द्या आणि एक रात्र गच्चीवर वाळू द्या.